विश्लेषण : वापरलेले गॅस कॅनिस्टर टाकायचे कुठे?

राजगड, हरिश्चंद्रगड किंवा कळसूबाईला मुक्कामी जाणाऱ्या अनेकांच्या सॅकमध्ये आता ब्युटेनचा छोटा डबा आणि हातात मावेल एवढी शेगडी असते. वर चहा होतो, मॅगी होते. घरी परतल्यावर तो डबा सुक्या कचऱ्यात जातो. डिओ, रूम फ्रेशनर, झुरळांचा स्प्रे यांचे डबेही तिथेच पडतात. पुढे घंटागाडी, कचरा दाबणारा कॉम्पॅक्टर किंवा भंगारवाल्याचा हातोडा, आणि या सगळ्याच्या मध्ये कचरा वेचणाऱ्या बाईचे हात. शेगडी विझली म्हणून डबा रिकामा झाला, हे गृहीत धरून हा प्रवास सुरू होतो. ते गृहीतक बऱ्याचदा चुकीचे असते.

‘रिकामा’ डबा किती रिकामा?

डब्यात ब्युटेन द्रवरूपात असते. त्याचा उत्कलनबिंदू शून्याच्या किंचित खाली, उणे ०.५ अंश सेल्सिअस. शेगडी पेटवली की द्रवाचा वायू होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो डब्याकडूनच घेतो. म्हणून वापरताना डबा गार पडतो, आतला दाब उतरतो आणि ज्योत मंदावते. डिसेंबरच्या पहाटे गडावर तर हे हमखास होते. गॅस संपला असे समजून डबा बाजूला ठेवला जातो. पण त्यात द्रव शिल्लक असतो आणि दुपारच्या उन्हात दाब पुन्हा चढतो.

उरलेला गॅस थोडासाच असेल, तर काय बिघडते? साधा हिशेब करता येतो. दहा ग्रॅम ब्युटेनचा सुमारे चार लिटर वायू होतो. हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेले की एक ठिणगी पुरते. म्हणजे दहा ग्रॅम उरलेला डबा दोनशे लिटरच्या पिंपाएवढी हवा ज्वालाग्राही करू शकतो. त्यात हा वायू हवेपेक्षा जड. तो वर उडून जात नाही. गटारात, बेसिनखाली, कचऱ्याच्या पिंपाच्या तळाशी साचून राहतो.

स्वयंपाकाच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. डिओ किंवा हेअरस्प्रेमध्ये ढकलवायू म्हणून बहुधा ब्युटेन-प्रोपेनच असते, पण सुगंध बिघडू नये म्हणून त्याचा वास काढून टाकलेला असतो. तिथे नाक सावध करील, ही आशा नको.

भोक पाडले की प्रश्न मिटतो?

भंगाराच्या दुकानात सर्रास हेच होते. खिळा आणि हातोडा घेतला की दोन मिनिटांत काम संपते. पण खिळ्यावरचा घाव हीच ठिणगी असते, आणि गॅस नेमका त्याच क्षणी बाहेर येत असतो.

मोठ्या प्रमाणावर हा निष्काळजीपणा काय करू शकतो, हे जपानमध्ये दिसले. १६ डिसेंबर २०१८ रोजी सापोरो शहरातील घरे भाड्याने देणाऱ्या एका एजन्सीच्या कार्यालयात कर्मचाऱ्यांनी दुर्गंधीनाशक स्प्रेचे शंभराहून अधिक डबे बंद खोलीत रिकामे केले. ते टाकून द्यायचे होते, एवढेच कारण. मग हात धुण्यासाठी गॅसचा गीझर सुरू केला गेला. स्फोटात शेजारच्या उपाहारगृहासह इमारत उद्ध्वस्त झाली आणि चाळीसहून अधिक लोक जखमी झाले. जपानमधील अनेक शहरांत पूर्वी डब्याला भोक पाडूनच कचऱ्यात टाकण्याचा नियम होता. आता तिथला भर डबे भोक न पाडता वेगळे गोळा करण्यावर आहे. आपल्याकडे डब्यावरच ‘वापरानंतरही भोसकू नये, जाळू नये, ५० अंशांपेक्षा अधिक तापमानात ठेवू नये’ असे छापलेले असते. अक्षरे मात्र इतकी बारीक की वाचायला भिंग लागावे.

घरगुती सिलिंडरचे काय?

इथे कायदा स्पष्ट आहे. १४.२ किलोचा लाल सिलिंडर ग्राहकाचा नसतो. तो तेल कंपनीचा असतो, ग्राहकाने भरलेली असते ती अनामत. पाइपचा गॅस आल्यावर बाल्कनीत पडून राहिलेला किंवा आजोबांच्या नावावरचा जुना सिलिंडर भंगारात विकणे म्हणजे दुसऱ्याची वस्तू विकणे. तो वितरकाकडे द्यायचा, रेग्युलेटर परत करायचा, जोडणी बंद केल्याचे व्हाउचर घ्यायचे आणि अनामत परत मिळवायची. मूळ कागद सापडत नसेल तर तसे लेखी द्यावे लागते. कागद नाही म्हणून सिलिंडर माळ्यावर ठेवून देण्याचे कारण नाही.

असे सिलिंडर केंद्राच्या ‘गॅस सिलिंडर नियम, २०१६’ खाली येतात. त्यावर देखरेख ठेवणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे, म्हणजे ‘पेसो’चे, मुख्यालय नागपुरात आहे. चाचणीत नापास झालेला सिलिंडरही तसाच भंगारात जात नाही. तो चपटा करून किंवा पुन्हा जोडता येणार नाहीत असे तुकडे करून नष्ट करावा लागतो.

छोट्या डब्यांना वाली कोण?

खरी अडचण इथे आहे. या नियमांतली ‘गॅस सिलिंडर’ची व्याख्या ५०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या भांड्यांपासून सुरू होते. डिओचा डबा त्यात बसत नाही. त्याला अनामत नाही, परत घेणारा वितरक नाही. बॅटऱ्या, ई-कचरा आणि प्लॅस्टिक वेष्टने परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली गेली. गॅसच्या छोट्या डब्यांसाठी तशी साखळी बाजारात दिसत नाही. दुकानदार विकतो आणि विसरतो.

राहते ती पालिका. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, ट्यूबलाइट, जुनी औषधे अशा वस्तूंना ‘घरगुती घातक कचरा’ म्हटले आणि तो ओल्या-सुक्यापासून वेगळा ठेवण्याचे बंधन नागरिकांवर घातले. त्याच नियमांनी पालिकांवरही एक बंधन घातले, ज्याची चर्चा फारशी झाली नाही. दर २० चौरस किलोमीटरमागे असा कचरा जमा करण्याचे किमान एक केंद्र असायला हवे होते, आणि तो तिथेच द्यावा असे पालिकेने नागरिकांना सांगायला हवे होते. राज्यात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारे प्रकल्प आहेत. म्हणजे शेवटचे टोक आहे. स्वयंपाकघरापासून तिथवरचा रस्ता अनेक ठिकाणी नाही. नागरिकाला ‘वेगळा करा’ सांगायचे आणि वेगळा केलेला कचरा त्याच गाडीत एकत्र ओतायचा, याला व्यवस्थापन म्हणता येत नाही. याची किंमत पालिकेचा अधिकारी मोजत नाही. ती मोजतो कचरा हाताने निवडणारा.

घरी काय करता येईल?

शेगडीचा डबा मोकळ्या हवेत, ज्योत आपोआप विझेपर्यंत वापरून संपवावा. मग तो सामान्य तापमानाला येऊ द्यावा आणि हलवून पाहावा. आत द्रव हिंदकळल्याचा आवाज आला तर गॅस बाकी आहे. स्वयंपाकघरातला वजनकाटा याहून भरवशाचा. नवा डबा आणला की त्याचे वजन करून त्यातून छापलेले निव्वळ वजन वजा करावे. येणारा आकडा डब्यावरच मार्करने लिहून ठेवला की प्रश्न मिटतो. स्प्रेचा डबा गच्चीवर किंवा अंगणात, आगीपासून लांब, फवारा थांबेपर्यंत वापरावा. चेपू नये, भोक पाडू नये, होळीत किंवा शेकोटीत तर कधीच टाकू नये.

घरगुती सिलिंडरमधून डब्यात गॅस भरून देणारे ‘जुगाडू’ही शहरात भेटतात. हे बेकायदा तर आहेच, शिवाय एलपीजीतील प्रोपेनमुळे तिचा दाब ब्युटेनपेक्षा जास्त असतो आणि पातळ पत्र्याचा डबा त्यासाठी बनवलेलाच नसतो.

अर्धा भरलेला डबा परतीच्या कसारा लोकलमध्ये नेणेही धोक्याचे. ज्वालाग्राही वस्तू रेल्वेत नेल्यास रेल्वे कायद्याच्या कलम १६४ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मदुराईत ऑगस्ट २०२३ मध्ये पर्यटकांच्या डब्यात चोरून नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागून नऊ जणांचा मृत्यू झाला होता. विमानात तर असे कॅनिस्टर केबिनमध्येही नाही आणि सामानातही नाही.

संपलेले डबे टोपण लावून, सावलीत, वेगळ्या पिशवीत जमवावेत आणि पिशवीवर ठळक ‘गॅसचे डबे’ लिहावे. घंटागाडीवर ती पिशवी हातात द्यावी, सांगून द्यावी. सोसायटी असेल तर सगळ्यांचे डबे एकत्र करून प्रभाग कार्यालयाला पत्र देता येते. त्यात एकच विचारावे : घरगुती घातक कचऱ्याचे आपल्या भागातील केंद्र कुठे आहे आणि ते कोणत्या वारी उघडे असते? उत्तर लेखी मागावे. नाही आले, तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. स्वयंपाकाच्या गॅसची गळती असेल तर पत्राची वाट नको : १९०६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो.