हत्याराला जागा, बाईला मालकी

मराठीत 'हत्यार' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक लढणाऱ्याचं, दुसरं कारागिराचं. दोन्ही अर्थांनी ते पुरुषाच्याच हातात शोभतं, असं आपल्याला शिकवलं गेलं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. त्याआधी ती पुसून-घासून मांडायचं काम अनेक घरांत बाईच करते, पण रंधा नि पटाशी चालवायचा हक्क मात्र तिचा नसतो. ही वाटणी मोडण्यासाठीच अनेक महिला संघटनांनी बायकांना सुतारकाम, गवंडीकाम, वायरिंग शिकवायला घेतलं. त्या कामात असलेली कार्यकर्ती म्हणून मला एक वरवर किरकोळ वाटणारा प्रश्न विचारायचा आहे: शिकलेल्या बाईने आपली हत्यारं ठेवायची कुठे?

आमच्या सुतारकामाच्या वर्गातून बाहेर पडलेल्या बायकांना आम्ही काही महिन्यांनी भेटायला जातो. जिचं काम थांबलेलं असतं, तिच्याकडून ऐकू येतं ते असं: पटाशीने नवऱ्याने पत्र्याचा डबा उघडला, धार गेली. रंधा दीर घेऊन गेला, तो परत आलाच नाही. करवत पलंगाखाली होती, पावसाळ्यात गंजली. तिचे हात काम विसरलेले नसतात. हत्यारं तिची असतात, पण त्यांची जागा तिची नसते. ज्या वस्तूला स्वतःची जागा नाही ती घरात सगळ्यांची होते, आणि 'सगळ्यांची' म्हणजे बहुतेकदा बाई सोडून सगळ्यांची.

पुरुष कारागिरांनी मात्र हत्यारांच्या जागेचा फार विचार केलेला दिसतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी गावी हेन्री स्टडली (१८३८-१९२५) नावाचा पियानो बनवणारा कारागीर राहत होता. त्याने आपल्या हत्यारांसाठी महोगनीचं भिंतीवर टांगायचं कपाट केलं. मिटल्यावर उंची सुमारे ३९ इंच, रुंदी २० इंच. आत शेकडो हत्यारं. प्रत्येकाला त्याच्या मापाची खोबण, झुलत्या फळ्यांचे थरावर थर. पियानोच्या कारखान्यात लागणारं हस्तिदंत, शिसवी लाकूड, शिंपला हेच साहित्य त्याने सजावटीला वापरलं. २०१५ साली या कपाटावर स्वतंत्र पुस्तक निघालं. जगभरचे सुतार त्याची चित्रं भिंतीवर लावतात.

त्याच काळात अमेरिकेतल्या बायकांसाठीही एक कपाट निघालं, 'हूजिअर' कपाट. पिठाचा डबा, मसाल्यांच्या बरण्या, कणीक मळायचा ओटा, सगळं एकाच जागी. नॅन्सी हिलर या स्त्री-सुताराने २००९ साली त्याचा इतिहास लिहिला. इंग्लंडमध्ये फर्निचरचं शिक्षण घेऊन त्या इंडियानामध्ये स्वतःचा कारखाना चालवत; २०२२ साली त्या वारल्या. ही दोन कपाटं शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत वस्तूला नेमकी जागा आहे. पण एक कारागिराने स्वतःसाठी, स्वतःच्या मापाने केलं. दुसरं कारखान्याने बाईच्या चार फेऱ्या वाचाव्यात म्हणून तिला विकलं. तिच्या फेऱ्या वाचल्या, पण रांधणं तिच्याकडेच राहिलं.

म्हणून माझं म्हणणं असं, की प्रत्येक प्रशिक्षणार्थी बाईचं शेवटचं काम स्वतःच्या हत्यारांची पेटी किंवा कपाट हे असावं. पाट-चौरंग नको. स्टडलीसारखी चैन आपल्याला परवडणारी नाही, पण सोपे नमुने आहेत. मेगन फिट्झपॅट्रिक ही अमेरिकी सुतारीण 'डच' पेटी शिकवते. तिचं त्यावरचं पुस्तक २०२४ साली आलं. उतरतं झाकण, वर पटाश्या-करवती, खाली रंधे. खालच्या कप्प्याची फळी आतल्या उभ्या पट्टीने अडकते आणि ती पट्टी झाकण उघडल्याशिवाय निघत नाही. म्हणजे एकाच कुलपात दोन्ही कप्पे बंद.

अशी पेटी करताना बाई सगळंच शिकते. आपली हत्यारं मोजते, आपला हात कुठवर पोचतो ते बघते, कोपऱ्याचे सांधे तासते. पावसाळ्यात लाकूड आडव्या अंगाने फुगतं, म्हणून खणाला फट सोडते. पात्यांना शिलाई मशिनच्या तेलाचा हात फिरवला की गंज दूर राहतो, हेही शिकते. आणि रोज झाकण उघडलं की रिकामी खोबण लगेच बोलते: काय गेलं, कुणी नेलं.

'दहा बाय दहाच्या खोलीत कपाट कुठे?' असा आक्षेप येईल. त्याच खोलीत टीव्हीची जागा ठरलेली असते. भिंतीवर दोन फूट जागा मागणं हीच खरी वाटाघाट आहे, आणि ती बाईने एकटीने नव्हे, गटाच्या पाठबळावर करावी. 'पैसा कुठून?' हा प्रश्न मात्र रास्त आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांसह १८ व्यवसायांना हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत ठेवली. पण अट काय? लाभ कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अविवाहित मुलं. नवरा-बायको दोघं सुतार असतील तर अर्ज कुणाच्या नावाने जाईल, हे सांगायला नकोच.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम १४ बाईने स्वतःच्या कौशल्याने वा कष्टाने मिळवलेली मालमत्ता पूर्णपणे तिची मानतं. त्यात दागिन्यासारखी हत्यारंही आली. पण दागिन्याला डबा नि कुलूप आहे, रंध्याला नाही.

मैत्रिणींनो, पुढच्या प्रकल्पाचं अंदाजपत्रक करताना दोन ओळी वाढवा: पेटीचं लाकूड आणि एक चांगलं कुलूप. एक कुटुंब, एक लाभार्थी ही अट काढण्याची मागणी आपल्या निवेदनांत घाला. आणि पेटी तयार झाली की किल्ली बाईच्याच हातात द्या, घरच्यांच्या देखत.