बेहड्याला दहा वर्षांची मुदत घालू नका!

गुंतवणूकदारहो, आणि सातबाऱ्यावर नाव असलेल्या समस्त भावकीनो,

जैवविविधता वाचवणारे स्टार्टअप हा गुंतवणुकीच्या बाजारात आलेला ताजा माल. पैसा येतोय तर येऊ द्या, आम्ही काही सोवळं नेसून बसलेलो नाही. कोकणातलं बहुतेक जंगल खासगी मालकीचं. एकेका सातबाऱ्यावर डझनावारी नावं, निम्मे हिस्सेदार मुंबईत. कुणाचं लग्न निघालं, कुणाचं ऑपरेशन निघालं, की ठेकेदार दारात हजर. तो रोख मोजतो आणि उभा डोंगर जळाऊ लाकूड म्हणून टेम्पोत भरतो. त्याच्यापुढे निसर्गप्रेमाची भाषणं काय कामाची? रोखीला रोखीनंच उत्तर द्यावं लागतं.

तसं उत्तर दिलं गेलंय. पुण्याच्या एईआरएफ संस्थेनं उत्तर सह्याद्रीत बेहड्याची फळं फेअरवाइल्ड या, रानातला माल जपून गोळा केल्याच्या प्रमाणपत्राच्या शिस्तीत गोळा करवली आणि इंग्लंडच्या पक्का हर्ब्ज कंपनीनं ती विकत घेतली. असल्याच जुनाट बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेते. नर बाहेरून, बोटभर फटीतून तिला फळं भरवतो. फळाला गिऱ्हाईक मिळालं की झाडावर कुऱ्हाड घालायची घाई उरत नाही.

मग आमचं भांडण कशाशी? मुदतीशी. व्हेंचर फंडाचा संसार साधारण दहा वर्षांचा. सेबीच्या २०१२ च्या नियमांत मुदतवाढ आहे, पण ती दोन वर्षांची, तीही गुंतवणुकीच्या मूल्यानं दोन तृतीयांश गुंतवणूकदारांच्या मंजुरीनं. तेवढ्यात कंपनी फुगवायची, विकायची आणि बाहेर पडायचं. धनेश मावेल एवढी ढोली पडायला बेहड्याला माणसाच्या दोन-तीन पिढ्या लागतात. शिवाय फळ दरवर्षी दुप्पट लागत नाही, हे विक्रीच्या तक्त्यात कुठे लिहायचं?

म्हणून पैसा घालायचाच तर वाळवणीच्या शेडमध्ये घाला, गोदामात घाला, हंगामाआधीच्या उचलीत घाला. ओलसर फळाला बुरशी धरते, माल परत येतो आणि मार गोळा करणाऱ्या बाईला बसतो. खरी नड तिथे आहे. जमीन, भाडेपट्टा आणि जैवविविधता राखल्याबद्दलच्या नव्या 'क्रेडिट'चे हक्क यांना मात्र हात लावू नका.

आणि गावाचा हिस्सा? २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती सांगितली. कित्येक ठिकाणी ती दप्तरातच झोपली आहे. लाभवाटपाच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत उत्पादकाकडून मागितलं होतं काय, तर वार्षिक विक्रीच्या ०.१ ते ०.५ टक्के! तेवढंही कंपन्यांना जड झालं. २०२३ च्या दुरुस्तीनं सवलती वाढवल्या, तुरुंगवासाची तरतूद काढून नुसता दंड ठेवला. अर्धा टक्का द्यायला कुरकुरणाऱ्यांनी आम्हाला निसर्गरक्षण शिकवू नये.

भावकीनो, करार घेऊन कुणी आला तर चहा जरूर पाजा. मग एवढंच विचारा : उद्या तुमची कंपनी विकली गेली, तर नव्या मालकावर हा करार बंधनकारक आहे का? कुठल्या कलमात? त्यानं कलमावर बोट ठेवेपर्यंत सही करू नका.