नववीतल्या मुली मैदानातून कुठं जातात?

दहावीचा निकाल लागला की भिवंडीत नाक्यानाक्यावर फलक झळकतात. हसऱ्या मुली, खाली टक्केवारी. आनंदच आहे. पण याच मुलींतून सतरा वर्षांखालचा खो-खोचा संघ उभा करा म्हटलं, की क्रीडाशिक्षकांच्या तोंडचं पाणी पळतं. चौदा वर्षांखालच्या गटात मुली मिळतात. नववीत त्या गायब!

आपल्या गावाला शाळांची परंपरा जुनी. कोकण मुस्लिम एज्युकेशन सोसायटीचं रईस हायस्कूल तर स्वातंत्र्यापूर्वीचं. यंत्रमाग वाढले तसे तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, उत्तरेतून कामगार आले. मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा सगळ्या माध्यमांच्या शाळा झाल्या. फक्त ज्याची भाषा त्याची शाळा, असं होऊन बसलं. १९७० आणि १९८४च्या दंगलींनी मधल्या भिंती आणखी उंच केल्या. पुढं पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या आणि डिसेंबर १९९२मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. माणसं एकमेकांना नावानं ओळखत होती ना! मग मुलींची अशी ओळख कुठं व्हायची? शाळा वेगळ्या, क्लासही वेगळे. राहतं आंतरशालेय स्पर्धांचं मैदान. तिथं उर्दू शाळेतली मुलगी मराठी शाळेतल्या मुलीचा पाय धरून तिला बाद करते आणि सामना संपला की दोघी एकाच बाटलीतलं पाणी पितात.

हे आठवीनंतर का थांबतं? शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. शाळेला मैदान हवं, असं त्यात लिहिलंय. पण त्याचा हक्क वय वर्षं ६ ते १४, म्हणजे आठवीपर्यंतच. नववीपासून मुलगी घरच्यांच्या मर्जीवर. माग बारा-बारा तासांच्या पाळ्यांत चालतात. आई कांड्या भरायला बसली की धाकट्यांना बघायला मोठी हवीच. त्यात पाळी सुरू झालेली, मैदानाजवळ धड स्वच्छतागृह नाही, ‘आता उड्या मारणं बरं दिसत नाही’ हे आजीचं पालुपद. माझ्या ओळखीच्या एका शाळेत तर खेळाचा तास वर्षभर गणिताला दिला होता. गणितवाल्या बाई तरी काय करणार, पोर्शन संपत नाही!

‘खेळून मिळणार काय?’ हा बायकांच्या बैठकीतला नेहमीचा प्रश्न. दहावीला खेळाचे जास्तीत जास्त २५ वाढीव गुण मिळतात, हे कित्येक आयांना ठाऊकच नसतं. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक आपल्या मुलींनी जिंकला. कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राची. तीही शाळेच्या वयातच मैदानात उतरली होती. अमेरिकेत १९७२मध्ये कायदा झाला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेनं मुलींना डावलायचं नाही. तेव्हा तिथल्या हायस्कुलांत खेळणाऱ्या मुली तीन लाखांच्या आत होत्या. आज तीस लाखांच्या वर आहेत. मुली त्याच होत्या, दार उघडलं गेलं.

आपल्याला कायद्याची वाट बघायची गरज नाही. जूनमध्ये पालकसभा असते. नववीच्या वर्गाचं वेळापत्रक मागा, खेळाचा तास कुठल्या वारी आहे ते विचारा, आणि संघ बाहेर जाईल तेव्हा सोबत बाई असतील का, हेही. कबड्डीला सात मुली लागतात, खो-खोला नऊ. एका गल्लीत तेवढ्या निघतात.