अंतुलेसाहेबांना शहीद करू नका

बॅरिस्टर अंतुलेंचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य तयार असतं, 'मुसलमान होते म्हणून घालवलं.' मला हे पटत नाही.

जून १९८० मध्ये ते मुख्यमंत्री झाले, जानेवारी १९८२ मध्ये गेले. दोन वर्षंही पुरी नाहीत. तेव्हा सिमेंटवर सरकारचं नियंत्रण होतं. बिल्डरांना सिमेंटचा कोटा मिळत होता आणि त्यांच्याकडून मुख्यमंत्र्यांच्या प्रतिष्ठानला देणग्या येत होत्या. प्रतिष्ठानला नाव इंदिरा गांधींचं! उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांनी कोटा आणि देणगीचा संबंध जोडला, खुर्ची गेली. पुढे फौजदारी खटला वर्षानुवर्षं रेंगाळला, शिक्षा झाली नाही, हेही खरं. पण पोत्यांच्या या हिशेबात धर्म आला कुठून?

तो दोन्हीकडून आणला गेला. 'यांच्या हाती सत्ता दिली की असंच' म्हणणाऱ्यांना माझा सवाल आहे : १९८६ मध्ये एम.डी.च्या गुणवाढ प्रकरणात निलंगेकर गेले, तेव्हा त्यांच्या अख्ख्या जातीकडे जाब मागितलात का?

आणि आपण? कुलाब्याचा रायगड जिल्हा करणारा, भवानी तलवार परत आणायला निघालेला हा आंबेतचा कोकणी मुसलमान आपल्याला फक्त 'बिचारा' म्हणून हवा असतो. संजय गांधी निराधार योजना त्यांच्याच कारकिर्दीतली. आमच्या शाळेतल्या काही मुलांच्या घरी तिचे पैसे आजही येतात. ती कुणी सुरू केली, हे त्या घरांत कुणी सांगितलेलं नाही.