हवेच्या टाकीचा इन्स्पेक्टर उस्तादच

पंक्चरचे दुकान, डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज, फर्निचरचे पॉलिश या धंद्यांत आपले कारागीर बांधव मोठ्या संख्येने आहेत. चाकांवरचा छोटा कॉम्प्रेसर हे त्यांच्या रोजीचे साधन. तो विकत घेताना मोटर किती हॉर्सपॉवरची व टाकी किती लिटरची एवढेच पाहिले जाते. टाकी आतून कशी आहे, हे कोणी विचारीत नाही. आमच्या मते खरा धोका तेथेच आहे.

हवा दाबून पुन्हा थंड झाली की तिच्यातील वाफेचे पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचते. पावसाळ्यात ते अधिकच. हे पाणी तसेच राहिले तर पत्रा आतून गंजून पातळ होतो. बाहेरचा रंग मात्र नवाच दिसतो. 8 बार म्हणजे दर चौरस इंचावर सुमारे 116 पौंड दाब. पातळ पत्र्याला तो सोसला नाही तर टाकी फुटते, आणि तिच्याजवळ बहुधा काम शिकणारा शागीर्द असतो.

उपाय खर्चाचे नाहीत. रोज काम संपल्यावर दाब उतरवावा, थोडी हवा शिल्लक असताना तळाचा कॉक उघडून पाणी काढावे. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी अधूनमधून ओढून तो मोकळा आहे ना, हे पाहावे. व्हॉल्व्ह हवा सोडतो म्हणून त्याला बूच मारणे म्हणजे मरणाला बोलावणे होय. गंजून गळू लागलेल्या टाकीला वेल्डिंगचे ठिगळ लावू नये. ती मोडीत द्यावी. पट्ट्यावरची जाळी काढू नये. हवेच्या नळीने अंगावरची धूळ कोणालाही उडवू देऊ नये. ती हवा डोळा निकामी करू शकते, जखमेतून शरीरात शिरून जीवही घेऊ शकते.

गिऱ्हाईक दारात असताना या गोष्टींना वेळ कोठला, असे काही बांधव म्हणतील. परंतु यातच धंद्याचेही हित आहे. गनमधून हवेबरोबर पाणी आले की रंगावर डाग व फोड येतात आणि काम पुन्हा करावे लागते. नळी गळत असेल तर मोटर वारंवार चालू होते व विजेचे बिल वाढते. बारीक वायरचे लांब एक्स्टेन्शन मोटर जाळते. त्यापेक्षा हवेची नळी लांब घ्यावी.

1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 31 ने यंत्रातील दाब सुरक्षित मर्यादेबाहेर जाऊ न देण्याचे बंधन कारखान्यांवर घातले होते. दोन-चार माणसांचे दुकान मात्र सहसा त्या कायद्याच्या कक्षेत येत नसे. तेव्हा आपल्या दुकानात तपासणीला कोणी साहेब येईल, याची वाट पाहण्यात अर्थ नाही. आईबापांनी मुलगा उस्तादाच्या भरवशावर पाठवलेला असतो. म्हणून पाना हाती देण्यापूर्वी त्याला तळाचा कॉक आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दाखवावा, हीच त्याची पहिली तालीम असावी.