रुग्णवाहिका येईपर्यंत जखमी कोणाचा?

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : अग्निशामकांच्या कर्तव्यसूचीत तातडीच्या वैद्यकीय मदतीचा समावेश करण्याबाबत

महोदय,

सरकारी पत्राला विषय लागतो म्हणून वर तो लिहिला आहे. पण हे पत्र कार्यालयीन मार्गाने पाठवलं असतं, तर आमच्या नगरपरिषदेच्या आवक-जावक वहीपलीकडे ते गेलं असतं असं मला वाटत नाही. म्हणून उघडपणे लिहितो आहे. महामार्गालगतच्या एका नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रात मी लीडिंग फायरमन आहे. नोकरीचे नियम ठाऊक असल्यामुळे गावाचं आणि स्वतःचं नाव लिहीत नाही. मागणी तशीही माझ्या एकट्याची नाही.

दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर स्फोट झाले आणि तिथली आग विझवायला गेलेले ६६ जवान परत आले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ पुष्पचक्र वाहिलं जातं, आम्ही संचलन करतो, मैदानात आग पेटवून विझवून दाखवतो, शाळेची मुलं टाळ्या वाजवतात. प्रात्यक्षिक नेहमी आगीचं. आमच्या केंद्रावर येणाऱ्या वर्द्या मात्र नुसत्या आगीच्या राहिलेल्या नाहीत. ट्रक दरीत गेला, कार कंटेनरखाली घुसली, माणूस विहिरीत पडला, मजूर खचलेल्या चरात गाडला गेला, आजी बंद फ्लॅटमध्ये बेशुद्ध आहेत. वर्दी आगीची असली तरी पाणी मारून झाल्यावर उरतो तो आतला माणूसच. त्याला पहिला हात लागतो तो आमचा.

आपण म्हणाल, त्यासाठी १०८ आहे. आहेच, आणि ती चांगली सेवा आहे. २०१४ साली ती सुरू झाली तेव्हा ९३७ रुग्णवाहिका होत्या, त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक यंत्रणेच्या, आणि गाडीत डॉक्टर हे तिचं वैशिष्ट्य. रात्री-अपरात्री घाटात उतरणाऱ्या त्या डॉक्टरांबद्दल आम्हाला आदर आहे. जपानमध्ये मात्र १९६३ पासून रुग्णवाहिका कायद्यानेच अग्निशमन दलाकडे आहेत. जर्मनीतल्या आणि अमेरिकेतल्याही बऱ्याच शहरांत अग्निशमन दलच रुग्ण नेतं. आम्ही ते मागत नाही. आपल्याकडे डॉक्टर असलेली गाडी वेगळी आहे, ती तशीच राहू द्या. पण ती गाडी रस्त्यावर थांबते आणि तिथून पुढे जखमीपर्यंतचं जे अंतर उरतं, ते कोणाच्याच कर्तव्यात लिहिलेलं नाही. माझं पत्र तेवढ्या अंतराबद्दल आहे.

घाटात ट्रकची केबिन चेपते तेव्हा चालकाचे पाय डॅशबोर्डखाली अडकतात. रुग्णवाहिका आमच्या पाठोपाठ आली तरी डॉक्टरांना आम्ही आत सोडू शकत नाही. डिझेल सांडलेलं असतं, बॅटरीची वायर तोडायची असते, गाडी कठड्यावर अर्धी लटकलेली असते. दोर बांधायचे, वायर कापायची, स्प्रेडरने पत्रा फाकवायचा, यात वीस मिनिटं सहज जातात, कधी तास जातो. तेवढा वेळ चालकाजवळ पोचू शकतो तो खिडकीतून आत शिरलेला एक फायरमन. रक्त दाबून धरायचं त्यानं, मान हलू द्यायची नाही त्यानं, तोंडातली उलटी काढून श्वास मोकळा करायचा त्यानं, आणि ‘नाव सांगा, गाव सांगा’ म्हणत शुद्ध आहे का तेही पाहायचं त्यानंच. डॉक्टर दहा फुटांवर उभे असतात आणि पेशंट आमच्या ताब्यात असतो.

धुराचंही तसंच. मुंबईतल्या कमला मिलच्या आगीत २८-२९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री १४ जीव गेले, ते मुख्यतः गुदमरून. धुरातून बाहेर आणलेल्या माणसाच्या बोटाला साधा ऑक्सिमीटर लावला, तर आकडा ९८ किंवा ९९ दिसू शकतो. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो, आणि ते साधं यंत्र या दोन वायूंत फरक करू शकत नाही. ज्याला हे शिकवलेलं नाही तो आकडा पाहून निर्धास्त होतो आणि माणसाला पायरीवर बसवून दुसऱ्याकडे वळतो. खरं तर त्याच क्षणी त्या बसवलेल्या माणसाला मास्कने भरपूर ऑक्सिजन हवा असतो. साध्या हवेत हे विष निम्मं व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तेच साधारण तास-दीड तासात होतं. श्वासासाठी हवा पुरवणारा बीए सेट पाठीला लावून आत जायचं आम्हाला पक्कं शिकवलेलं आहे. बाहेर आणलेल्या माणसाचं पुढे काय करायचं, ते जेमतेम.

ढिगाऱ्याखाली तर याहून अवघड. महाडला २४ ऑगस्ट २०२० रोजी तारिक गार्डन ही इमारत कोसळली, १६ माणसं गेली, पण चार वर्षांचा एक मुलगा दुसऱ्या दिवशी जिवंत निघाला. घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी पेट्रोल पंपावर जाहिरातीचा अवाढव्य फलक पडला, १७ जण गेले. खाली पेट्रोल असल्यामुळे तिथे सुरुवातीला गॅस कटर चालवणंच धोक्याचं होतं. अशा ठिकाणी भोवतीचे लोक एकच ओरडत असतात, ‘उचला, उचला!’ त्यांचं चुकत नाही, आपल्या माणसासाठी कोणीही हेच ओरडेल. पण तासन्‌तास स्लॅबखाली दबलेल्या पायातले स्नायू मरू लागलेले असतात. भार उचलताच त्यांतलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि आत्ता बोलणाऱ्या माणसाचं हृदय बंद पडू शकतं. म्हणून भार काढण्याआधी डॉक्टरांना विचारून सलाईन सुरू करायचं असतं. जॅक कधी वर घ्यायचा हा अशा वेळी वैद्यकीय निर्णय असतो, आणि जॅकचा दांडा आमच्या हातात असतो.

विहीर आणि भूमिगत गटार यांच्याबद्दल थोडक्यात लिहितो. १ नोव्हेंबर २०१८ रोजी कल्याणमध्ये एका विहिरीत विषारी वायूने ५ जणांचा जीव गेला. आत गेलेल्याला काढायला दुसरा उतरला, मग तिसरा, आणि त्या पाचांत अग्निशमन दलाचे २ जवान होते. वायू मोजायचं यंत्र, आत हवा सोडायचा पंखा आणि बाहेर काढल्याबरोबर श्वास द्यायची पिशवी या तीन वस्तू गाडीवर असतील आणि वापरायची सवय असेल, तरच अशा वर्दीला अर्थ आहे.

आता कागदाकडे येतो, कारण सरकारला कागद कळतो. आमच्या केंद्राच्या वर्दी नोंदवहीत वर्दी कधी मिळाली, गाडी कधी निघाली, किती होज पसरल्या, किती पाणी लागलं, मालमत्ता किती वाचली, सगळ्याला रकाने आहेत. जखमीसाठी एकच ओळ आहे : ‘जखमीस रुग्णालयात रवाना केले.’ आत बसून त्याची मान कोणी धरली, मांडीवर रक्त थांबवायची आवळपट्टी किती वाजता बांधली, छातीवर दाब किती वेळ दिला, याची नोंद होत नाही. ती वेळ डॉक्टरांना हवी असते. आवळपट्टी किती वाजता बांधली यावर पाय वाचवायचा विचार ठरतो. घाईत आम्ही ती जखमीच्या कपाळावर पेनाने लिहितो. नोंदच नाही म्हणून कामही नाही, काम नाही म्हणून प्रशिक्षण नाही, आणि प्रशिक्षण नाही म्हणून साहित्याला मंजुरी नाही. वरच्या कोणत्याही कार्यालयाला विचारा, उत्तर बरोबरच येईल : हे तुमच्या कर्तव्यसूचीत नाही.

प्रथमोपचार आम्हाला शिकवत नाहीत असं नाही. सांताक्रूझच्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्रातल्या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमात तो आहे. पण शिडी आणि होजची ड्रिल केंद्रावर रोज होते म्हणून हात विसरत नाहीत. छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक ५ ते ६ सेंटीमीटर खोल, हे एकदा शिकून पाच वर्षांनी जमत नाही. हृदय बंद पडलं की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. तेवढ्या वेळात आठवावं लागत असेल, तर ते येत नाही असंच समजायचं.

कायद्याचाही एक पेच आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४-अ आलं. अपघातात सद्‌भावनेने, स्वेच्छेने आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्याला त्याने संरक्षण दिलं. रस्त्यावरचा भाजीवाला आता निर्धास्तपणे जखमीला हात लावू शकतो, आणि हे फार चांगलं झालं. पण मी तर पगार घेतो. मी स्वेच्छेने आलो असं म्हणता येईल का? वकील मित्रांना विचारलं, प्रत्येकाचं मत निराळं. मला कोर्टात वाद नको आहे. फायरमनने काय करावं आणि कशाला हात लावू नये, हे वैद्यकीय तज्ज्ञांनी सही करून एका पानावर लिहून दिलं, तर बहुतेक पेच तिथेच संपेल. ‘लावू नये’ची यादी आम्हाला जास्त हवी आहे. अतिउत्साही मदतनीस जखमीला किती महागात पडतो, हे आम्ही पाहिलेलं आहे.

आमच्या अंगाचंही एकदा बोलतो. परक्या माणसाच्या रक्ताने भिजलेला गणवेश आम्ही घरी नेतो, तो घरच्या कपड्यांबरोबर धुतला जातो. ब प्रकारच्या काविळीची लस रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना देतात. तीन डोस, सहा महिने, विषय संपला. आमच्या केंद्रात ज्यांनी घेतली त्यांनी स्वखर्चाने घेतली. आणि मनाचं म्हणाल, तर ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत १० नवजात बाळं गेली, तशा एखाद्या खोलीत शिरून आलेल्या माणसाशी नंतर कोण बोलतं? आमच्याकडे चहा येतो आणि विषय बदलतो. एरवी ते पुरतं, दरवेळी पुरत नाही.

म्हणून मागण्या, क्रमाने आणि मोजक्या :

१. अग्निशामकाच्या कर्तव्यसूचीत ‘जखमी रुग्णवाहिकेच्या ताब्यात जाईपर्यंतची तातडीची वैद्यकीय मदत’ हे काम स्पष्ट शब्दांत लिहावं आणि त्याची मर्यादा ठरवणारं एक पान राज्यभर सारखं असावं.

२. प्रशिक्षण दरवर्षी पुन्हा व्हावं, जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात, खऱ्या डॉक्टरांबरोबर. त्यातला निम्मा वेळ १०८ च्या चमूसोबत एकत्र सरावाचा असावा. आमची ओळख आज थेट अपघाताच्या जागीच होते.

३. वर्दीवर निघणाऱ्या प्रत्येक पहिल्या गाडीत एक पिशवी असावी : आवळपट्ट्या, मानेचा पट्टा, स्पाइन बोर्ड, ऑक्सिजनचा लहान सिलिंडर आणि मास्क, श्वास देण्याची पिशवी, हातमोजे. मोठ्या केंद्रांत हृदयाला झटका देणारं स्वयंचलित यंत्रही असावं.

४. १०१, १०८ आणि ११२ यांपैकी कोणत्याही एका क्रमांकावर अडकलेल्या माणसाची वर्दी आली, की बंब आणि रुग्णवाहिका अशा दोन्ही गाड्या एकाच वेळी निघाव्यात. घाबरलेला माणूस एकच नंबर फिरवतो. दुसरा फिरवायचं काम यंत्रणेचं आहे.

५. नोंदवहीत जखमीवर केलेल्या मदतीचा आणि तिच्या वेळेचा रकाना असावा. आमच्या लसीकरणाची आणि समुपदेशनाची व्यवस्था प्रशासनाने करावी.

पैशाचा प्रश्न येईल, म्हणून आधीच लिहितो. राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी केंद्राने २०२३ मध्ये ५,००० कोटींची योजना आणली. अशा योजनांतून नवे बंब आणि उंच शिड्या येतात, त्यांचं लोकार्पण होतं, आणि त्या हव्यातही. वर सांगितलेल्या पिशवीचं लोकार्पण कोणी करणार नाही. तिची किंमत एका नव्या बंबाच्या किमतीपुढे नगण्य आहे. ती आजवर आली नाही याचं कारण पैसा नाही. घटनेच्या बाराव्या अनुसूचीने अग्निशमन हे नगरपालिकांचं काम ठरवलं आणि आरोग्य दुसऱ्या विभागाकडे राहिलं. अडकलेला माणूस या दोन फायलींच्या मधोमध पडला, आणि त्याची तिसरी फाईल कोणी उघडलीच नाही. ती उघडण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, म्हणून पत्र आपल्याला.

हे काम आमच्या गळ्यात मारू नका असं म्हणणारेही आमच्यात आहेत, हे लपवत नाही. रिक्त पदं भरलेली नाहीत, चारजणांच्या गाडीवर तिघे निघतात, त्यात आणखी एक जबाबदारी कशाला, असं ते म्हणतात. त्यांची तक्रार खरी आहे आणि पदं भरलीच पाहिजेत. पण जबाबदारी नवी नाही. केबिनमध्ये शिरलेला फायरमन ‘हे माझ्या सूचीत नाही’ म्हणून बाहेर आल्याचं मी कधी पाहिलं नाही, पुढेही पाहणार नाही. तो मान धरणारच आहे. ती नीट कशी धरायची हे त्याला शिकवायचं की नाही, एवढंच आपल्याला ठरवायचं आहे.

आपण या मागण्या मान्य केल्यात, तर शासन निर्णय काढावा. काही मान्य आणि काही अमान्य केल्यात, तरी चालेल, चर्चेला आम्ही येऊ. आणि सगळ्याच अमान्य असतील, तर कृपया तसं लेखी कळवावं : जखमी रुग्णवाहिकेत जाईपर्यंत त्याची वैद्यकीय जबाबदारी अग्निशामकावर नाही, असं एका वाक्यात, सही-शिक्क्यानिशी. ते पत्र आम्ही राज्यातल्या प्रत्येक केंद्राच्या फलकावर लावू. मग ती जबाबदारी कोणाची, हे लोकच आपल्याला विचारतील.

आपला,
एक लीडिंग फायरमन