सायकलचे बेअरिंग आणि दुरुस्तीचा हक्क

वस्तूची किंमत दुकानात एकदाच मोजावी लागते, असा ग्राहकाचा समज असतो. प्रत्यक्षात किमतीचा दुसरा हप्ता वस्तू बिघडल्यावर द्यावा लागतो आणि तो किती असेल हे बव्हंशी कारखान्यातच ठरलेले असते. अलीकडच्या महागड्या सायकलींतील पेडलच्या आसाचे बेअरिंग हे याचे बोलके उदाहरण होय.

नागपूरला हा प्रश्न परका नाही. येथील डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली. २०२० मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ उपक्रमातही नागपूरने भाग घेतला. गिअरच्या सायकली शहरात आल्या. पण त्यांच्या दुरुस्तीची सोय त्याच गतीने आली काय?

साध्या काळ्या सायकलीत पेडलचा आस दोन वाट्यांमध्ये छर्ऱ्यांवर फिरतो. वाट्यांना आटे असतात. मिस्त्री कॉटर पिन काढतो, छर्रे रॉकेलने धुतो, ग्रीस भरतो आणि वाटी कसून बसवतो. नव्या ‘प्रेस-फिट’ रचनेत आटेच नाहीत. बेअरिंग, कधी प्लॅस्टिकच्या कवचासह, सांगाड्याच्या भोकात दाबून बसवलेले असते. कॅननडेल या अमेरिकी कंपनीने २००० च्या सुमारास आणलेल्या ‘बीबी-३०’ पद्धतीत हे भोक ४२ मिलीमीटरचे आहे. ‘पीएफ-३०’ मध्ये ४६, तर शिमानोच्या पद्धतीत ४१. आस जाड करता येतो, वजन घटते, आटे पाडण्याचा खर्चही वाचतो. मात्र भोकाच्या मापात केसाएवढा फरक राहिला तरी प्रत्येक पेडलगणिक सायकल करकरू लागते.

हे बेअरिंग घरी बदलणे अशक्य नाही. क्रँक उतरवून जुने बेअरिंग आतून, सर्व बाजूंनी सारखे घाव घालीत काढावे लागते. कार्बनच्या सांगाड्यावर एखादा घाव चुकला तर नुकसान बेअरिंगच्या किमतीच्या कितीतरी पट होते. घावांचा भार छर्ऱ्यांवर पडत असल्याने काढलेले बेअरिंग पुन्हा वापरू नये. भोक स्वच्छ पुसून नवे बेअरिंग सरळ रेषेत दाबावे. त्यासाठीचे महाग यंत्र नसेल तर आट्यांची लांब सळई, दोन नट आणि योग्य मापाचे जाड वॉशर यांवरही काम भागते. दाब बाहेरच्या कड्यावरच हवा. आतल्या कड्यावर पडल्यास नवे बेअरिंग बसवतानाच खराब होते. ‘बीबी-३०’ चे बेअरिंग ६८०६ या सर्वमान्य औद्योगिक क्रमांकाचे असल्याने ते सायकलच्या दुकानाबाहेरही मिळू शकते.

तरीही मूळ प्रश्न उरतोच. कारखान्यात वाचलेला खर्च नाहीसा झालेला नाही. अवजारे, वेळ आणि जोखीम यांच्या रूपाने तो ग्राहकाच्या माथी आला आहे. अर्थशास्त्रात यालाच खर्चाचे स्थानांतर म्हणतात. त्याची झळ कोपऱ्यावरच्या मिस्त्रीलाही बसते. पाने, हातोडी आणि हातातील कसब हेच त्याचे भांडवल. प्रत्येक कंपनीच्या मापासाठी निराळे अवजार घेणे त्याला कसे परवडावे? ग्राहक दुरावतो आणि वर्षानुवर्षे कमावलेले कौशल्य निरुपयोगी ठरते.

नव्या तंत्राला विरोध करणे शहाणपणाचे नाही, हे खरे. पण नवे ते सारेच प्रगत, हेही खरे नाही. ट्रेक, स्पेशलाइज्ड यांसारख्या कंपन्याच २०१९-२० पासून आपल्या काही प्रमुख सायकलींत पुन्हा आट्यांकडे वळल्या आहेत. ग्राहकांची कुरकुर बाजाराला ऐकू येते, पण उशिरा.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार सुरू केला, तेव्हा शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारगाड्या ही चार क्षेत्रे निवडली. सायकलचा त्यात स्वतंत्र उल्लेख नव्हता. तो व्हावयास हवा. नागपुरातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी अशी अवजारे ठेवून मिस्त्रींना ती वापरण्याचे शिक्षण दिले, तर खर्च मोठा नाही. ग्राहकानेही सायकल घेताना रंग आणि वजन यांबरोबर ‘बेअरिंग कोण बदलून देईल?’ हे विचारले पाहिजे. जी वस्तू मालकाला किंवा त्याच्या गल्लीतील कारागिराला दुरुस्त करता येत नाही, तिची मालकी अपुरीच म्हटली पाहिजे.